ब्रह्मदेशातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी चेट्टियार सावकारांनी लुबाडल्या, हे कितपत खरे आहे?

जमिनी त्यांच्या ताब्यात गेल्या, हे खरे आहे. मात्र जमिनीवर डोळा ठेवूनच त्यांनी कर्जे दिली, हे मला पटत नाही.

इंग्रजांनी 1852 मध्ये दक्षिण ब्रह्मदेश जिंकला, तेव्हा इरावतीच्या मुखाकडचा बराचसा मुलूख जंगलाचा आणि दलदलीचा होता. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तिथल्या तांदळाला युरोपची बाजारपेठ जवळ आली. पण जंगल तोडायला, बांध घालायला, बैलजोडी घ्यायला आणि पहिले पीक हाती येईपर्यंत तग धरायला शेतकऱ्याला पैसा हवा होता, आणि गोऱ्यांच्या बँका त्याला दारातही उभे करत नव्हत्या. तो पैसा तमिळ मुलखातील कारैकुडी-देवकोट्टै परिसरातल्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी पुरवला. 1930 च्या सुमारास दक्षिण ब्रह्मदेशातली भातशेती 80 लाख एकरांच्या पुढे गेली होती आणि तांदळाच्या निर्यातीत हा देश जगात पहिला होता. त्याच सुमारास सरकारी बँकिंग चौकशी समितीने चेट्टियार पेढ्यांची संख्या सुमारे 1,650 आणि त्यांचे भांडवल सुमारे 75 कोटी रुपये असल्याचा अंदाज वर्तवला.

या पेढ्यांचा थाट मात्र काहीच नसे. रंगूनच्या मुघल स्ट्रीटवर एकाच लांबलचक दालनात अनेक पेढ्या शेजारी शेजारी चालत. चटईवर मांडी घालून बसलेला मुनीम, पुढ्यात बैठे लाकडी मेज, मागे तिजोरी, एवढाच सरंजाम. मुनीम साधारण तीन वर्षांच्या बोलीवर येई, बायकामुले गावीच असत आणि मुदत संपली की तो परत जाई. अशा माणसाला गुडघाभर चिखलातले भातखाचर नको होते. त्याला व्याज आणि मुद्दल वेळेवर हवे होते. व्याज कमी नव्हते, पण स्थानिक बर्मी सावकार त्याहूनही अधिक घेत.

1930 च्या मंदीत भाताचे भाव कोसळले आणि हे सगळे गणित विस्कटले. कर्ज फिटेना, तारण जमीन विकायला काढावी तर गिऱ्हाईक मिळेना. त्यामुळे तेरा प्रमुख भातजिल्ह्यांत चेट्टियारांच्या ताब्यातील जमीन 1930 मधल्या सुमारे 6 टक्क्यांवरून 1938 पर्यंत 25 टक्क्यांवर गेली. अर्थात, ज्याची जमीन गेली त्याला सावकाराच्या हेतूशी काय देणेघेणे? 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात कर्जरोखे जाळणाऱ्या आपल्याकडच्या कुणब्यांनीही तो विचार केला नव्हता. ब्रह्मदेशात तर सावकार परदेशी, त्यात इंग्रजांच्या राज्याबरोबर आलेला, त्यामुळे चेट्टियार हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

1942 मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा हजारो भारतीयांप्रमाणे चेट्टियारांनाही पळावे लागले, आणि स्वातंत्र्यानंतर 1948 च्या जमीन राष्ट्रीयीकरण कायद्याने उरलेल्या जमिनीवरही पाणी सोडावे लागले. ज्यांनी वेळीच पैसा बाहेर काढला, ते तरले. मोलमेनमध्ये 1900 साली सुरू झालेली मुरुगप्पा घराण्याची पेढी अशांपैकीच एक. तिचा आज मोठा उद्योगसमूह झाला आहे. एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी तर सावकारी सोडून बँकेचाच मार्ग धरला. त्यांची इंडियन ओव्हरसीज बँक 10 फेब्रुवारी 1937 रोजी मद्रास, कारैकुडी आणि रंगून अशा तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी उघडली. 1963 मध्ये ब्रह्मदेशाने सगळ्या बँका सरकारजमा केल्या, तेव्हा रंगूनची ती शाखाही गेली.