हात धुतल्यावर पाहुणे गप्प का झाले?

प्रश्न: आमचं गोव्यात हणजूणला छोटंसं होमस्टे आहे, सीझनला इस्रायली पाहुणे बरेच येतात. परवा शुक्रवारी संध्याकाळी एका कुटुंबाने पदेराकडच्या (म्हणजे पाववाल्याकडच्या) दोन पोई (गोव्यातले गोल पाव) रुमालाखाली झाकून ठेवल्या, आधी वाईन घेतली, मग तांब्याने हात धुतले, आणि आईने भाजी वाढू का विचारलं तर कोणी बोललंच नाही, नुसत्या खुणा. आईला फार लागलं. त्यात तिने मुद्दाम दूध घालून घरी केलेला पाव त्यांनी घेतला नाही आणि पदेराचा मात्र खाल्ला! पुढच्या वेळी तांदळाची भाकरी दिली तर चालेल का?
– एक वाचक, हणजूण

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा की तो अपमान नव्हता. ज्यू धर्मात पावाआधी हात धुणं हा विधी आहे, नळाखाली धुतले तरी परत भांड्यातून दोन्ही हातांवर पाणी ओततात, प्रार्थना म्हणतात, हात पुसतात, आणि तिथून पावाचा पहिला घास पोटात जाईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. त्या मधल्या वेळात फक्त पावाची प्रार्थना होते: 'बारूख अत्ता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, हमोत्सी लेखेम मिन हाआरेत्झ', म्हणजे जमिनीतून भाकर उगवणाऱ्या विश्वाच्या राजा, आमच्या देवा, तू धन्य आहेस. एक जण म्हणतो, बाकीचे आमेन म्हणतात, मग पाव मिठात बुडवून सगळ्यांना तुकडे देतात, कारण जेरुसलेमच्या मंदिरात प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ असायचं. ही प्रार्थना झाली की जेवणातल्या भाजी, आमटी, मासे सगळ्यांना तीच पुरते, वेगळी म्हणावी लागत नाही. पावाचा मान एवढा मोठा आहे.

दोन पोई का, तर वाळवंटात त्यांच्या पूर्वजांना आकाशातून पडणारं मान्ना नावाचं अन्न शुक्रवारी दुप्पट मिळायचं, शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस) गोळा करायला लागू नये म्हणून, त्याची ती आठवण. म्हणून दोन्ही अख्ख्याच लागतात. आणि झाकतात का, तर एरवी पावाचा नंबर पहिला, पण शब्बाथला वाईनची प्रार्थना आधी होते, तेव्हा पावाला कमीपणा वाटू नये म्हणून! मला हे फार आवडतं. निर्जीव पावाचं मन जपायचं.

आता आईंच्या पावाचं. दुधाचा पाव चुकून मांसाबरोबर खाल्ला जाऊ शकतो आणि मांस-दूध एकत्र त्यांना वर्ज्य, म्हणून पावात दूध घालायलाच जुनी बंदी आहे (आकार वेगळा असला की चालतो). शिवाय दुसऱ्या धर्माच्या माणसाने घरी भाजलेल्या पावाचा नियम जास्त कडक आणि धंदा म्हणून भाजणाऱ्या बेकरचा बऱ्याच जणांच्या मते सैल, म्हणून पदेराची पोई चालली. अर्थात काही पाळणारे तीही घेत नाहीत, आणि घेणारेही ट्रेला कुठलं तेल-चरबी लावलीय ते विचारतात. आईंना हौसच असेल तर पाहुण्यांनाच ओव्हन पेटवायला सांगा, पेटवण्यात ज्यू माणसाचा हात लागला की भाजण्याची अडचण सुटते. भांड्यांचा प्रश्न मात्र वेगळा, त्यांची भांडी त्यांनाच आणू द्या.

तांदळाची भाकरी पाव म्हणून नाही चालायची. हमोत्सी, म्हणजे वरची पावाची प्रार्थना, फक्त गहू, बार्ली, स्पेल्ट, राय आणि ओट्स या पाच धान्यांच्या भाकरीवर म्हणतात. तांदळाला दुसरी प्रार्थना, नाचणी पण यादीत नाही. आपल्याकडच्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, बेने इस्रायलींचा मलिदा माहीत असेल, पोहे-नारळ-साखरेचा, पोहे तांदळाचेच ना, म्हणून त्यावरही हमोत्सी नाही.

अजून एक, जेवण संपलं दिसलं की लगेच टेबल आवरू नका. नंतर एक लांब प्रार्थना असते, 'खाऊन तृप्त झालास की देवाचे आभार मान' या तोराहमधल्या (त्यांच्या धर्मग्रंथातल्या) आज्ञेवरून, आणि ती होईपर्यंत पाव टेबलावर ठेवायची रीत आहे. उरलेले तुकडे पायाखाली येऊ देत नाहीत, ते झाडूने सरळ केरात लोटण्याआधी त्यांना विचारा. आणि मार्च-एप्रिलमध्ये पेसाखचा सण येतो, तेव्हा सात-आठ दिवस पोई, पाव, उंडो काहीच नाही, फक्त मात्झा, म्हणजे न फुगवलेली पातळ रोटी, जी पाणी पिठात पडल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून व्हावी लागते. त्या आठवड्यात पदेराला त्यांच्या नावाने काही सांगून ठेवू नका.