घोडा कमी वाटला की सांग

बाळा,

परवा चहाच्या टपरीवर तू हळूच विचारलंस, "काका, घोडा उजव्या पुढच्या पायात जरा कमी वाटतोय, पाय जपून टाकतोय. ट्रेनरसाहेबांना सांगू का? राईड जाईल, शर्यतीत दुसराच जॉकी बसेल." मी अर्धा चहा टाकून उठलो. थांबलो असतो तर आवाज चढला असता.

सांग.

हाड एका दिवसात मोडत नाही रे. रोजच्या गॅलपमध्ये बारीक तडे साठत जातात. भरधाव घोड्याच्या एकेका पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, मग एक दिवस ते हाड जातं. डॉक्टर घोडा दुडकी चालवून बघतात, पायाच्या नळीवरून हात फिरवतात. पण तिथे न दिसलेलं दौडीत सगळ्यात आधी तुझ्या मांड्यांना कळतं.

तुमच्या अंगात आता संरक्षक जाकीट असतं, चाबूक गादीचा आणि फटकेही मोजले जातात. छान आहे. पण यातलं काहीच तुझ्याऐवजी तोंड उघडणार नाही.

पुण्याचा पावसाळी हंगाम, ट्रॅक ओला. शर्यत सुटते त्या गेटकडे जातानाच माझा घोडा आघाडीचा पाय, दौडीत पुढे पडतो तो, सारखा बदलत होता. मी गप्प. शेवटच्या चारशे मीटरमध्ये वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. माझं गळ्याचं हाड मोडलं. लोकांना दिसू नये म्हणून घोड्याभोवती कापड धरलं होतं. रुग्णवाहिकेतून मला कापडाखाली फक्त सईसाचे, घोड्याची देखभाल करणाऱ्याचे, अनवाणी पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

'मला कुणी विचारलंच नाही,' असं मी तीसेक वर्षं सांगत आलोय. खरंच नव्हतं विचारलं! घरात कमावता मी एकटा, आणि ट्रेनरपुढे मान वर करायची तेव्हा रीत नव्हती. तू तरी काय केलं असतंस? जाऊ दे.

राईड जाईल म्हणतोस. जाईल. माझ्याही गेल्या, नंतर सांगायला लागलो तेव्हा. दोन ट्रेनरांनी मला परत बसवलं नाही. तरी सांग. गेटपाशी कळलं तर शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरला सांग, तिथूनही घोडा मागे घेता येतो. पडल्यावर डोकं गरगरलं तर तेही सांग. वजन उतरवायला उपाशीपोटी घामाचा कोट घालून पळतोस, चक्कर येते, तेही. मर्द गडी म्हणून गिळू नकोस.

उद्या पहाटे ट्रॅकवर्कच्या, सकाळच्या सरावाच्या, आधी जा. सईसाला बरोबर घे. तो रोज त्या पायाला पट्टी बांधतो, त्याला बहुतेक तुझ्याआधीच कळलं असेल.

तुझा,
काका