अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्लेऑफची जागा पक्की झाली हे कसं मोजायचं?

सूत्र एका ओळीचं आहे: १६३ वजा तुमच्या संघाचे विजय वजा प्रतिस्पर्ध्याचे पराभव. याला मॅजिक नंबर म्हणतात. तो शून्यावर आला की जागा पक्की. समजा तुमचे ८८ विजय आणि त्यांचे ७० पराभव, म्हणजे उरले ५. तुम्ही जिंकलात किंवा ते हरले की एक कमी. एकमेकांविरुद्धचा सामना तुम्ही जिंकलात तर एकदम दोन.

खरी गडबड प्रतिस्पर्धी निवडताना होते. स्पर्धेत दोन लीग म्हणजे संघांचे दोन मोठे गट आहेत, आणि प्रत्येकात डिव्हिजन नावाचे ३ उपगट. प्रत्येक लीगमधून ६ संघ जातात (३ डिव्हिजन विजेते, ३ वाइल्ड कार्ड म्हणजे उरलेल्यांतले सर्वोत्तम), त्यामुळे नुसत्या प्लेऑफ-जागेसाठी सहांच्या बाहेरचे संघ पाहा आणि त्यांच्यातला सर्वांत कमी पराभव असलेला धरा. तक्त्यात तो सातवा असेलच असं नाही, कारण सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात.

१६३ का? १६२ सामने, अधिक बरोबरी टाळायला एक. पण २०२२पासून बरोबरी झाली तर जादा सामना होत नाही, आधी आपसांतल्या सामन्यांचा हिशेब बघतात. तो तुमच्या बाजूने लागलेला असेल तर १६२ धरा. वरच्या उदाहरणात ५ऐवजी ४.