पदेराच्या टोपलीचे आच्छादन: आधी शिवण, मग लेझर आणि थ्रीडी प्रिंटर

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे: डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पदेराच्या, म्हणजे गोव्यात घरोघर पाव विकणाऱ्याच्या, सायकलवरील टोपलीला पावसाळ्यात झाकणारे, घडी घालता येणारे आच्छादन करायचे आहे. त्यात जलरोधक कापड, लेझरने कापलेल्या पट्ट्यांचा सांगाडा आणि थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या कड्या असतील. संगणकावर रेखाटन येते, परंतु शिवणयंत्राला किंवा लेझरला आजवर हात लावलेला नाही आणि हाती चार महिने आहेत. यांपैकी आधी काय शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: आधी शिवण शिका, आणि पहिला महिना जवळजवळ पूर्ण तिलाच द्या.

लेझर आणि प्रिंटर तुम्ही दिलेल्या फाइलीप्रमाणेच वागतात. कापड तसे वागत नाही. ते ताणले जाते, सरकते, दुमडीत जाडी खाते. समजा टोपली गोल आहे आणि वरचा व्यास ६० सेंमी आहे. झाकणाच्या वर्तुळाला सगळीकडून १ सेंमी माया (टिपेबाहेर सोडलेले जादा कापड) सोडली, तर टीप जिथून जाणार त्या रेषेचा घेर सुमारे १८८.५ सेंमी राहतो, पण कापलेल्या कडेचा घेर सुमारे १९४.८ सेंमी होतो. या वर्तुळाला जी सरळ पट्टी जोडायची, तिची कड मात्र टिपेच्या रेषेइतकीच लांब असते. हा सहा सेंमीचा फरक पट्टीच्या मायेत ठरावीक अंतरावर कात्रीने चिरा दिल्याशिवाय सामावत नाही, आणि चिरा टिपेच्या दोन-तीन मिलीमीटर अलीकडे थांबवाव्या लागतात. हे एकदा हाताने केले की तुम्ही फाइलीतच वर्तुळाचे आणि पट्टीचे आठ समान भाग करून जुळणीच्या खुणा घालाल. न करता काढलेले रेखाटन पडद्यावर नेटके दिसेल, पण शिवायला बसल्यावर चुण्या पडतील.

शिकण्यासाठी घरातले किंवा शेजारचे पायमशीन उत्तम. कारखान्यातल्या विजेच्या यंत्रावर सुरुवात करू नका, कारण ते मिनिटाला हजारो टाके घालते आणि नवख्या हाताला कापड वळवायला उसंत मिळत नाही. पहिले दोन दिवस दोरा न ओवता वहीच्या रेघांवरून सुई चालवा, नंतर मांजरपाटावर सरळ टीप, कोपरा, वर्तुळ, चेन आणि उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची गोठ, या क्रमाने पुढे जा. मांजरपाटाच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू पाहण्याची सवय लावून घ्या. वरचा आणि बॉबिनचा (खालच्या छोट्या रिळाचा) असे दोन दोरे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकले पाहिजेत. खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे लोंबत असतील, तर बहुतेक वेळा दोष बॉबिनचा नसून वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. नवशिके नेमके याच जागी बॉबिनचा स्क्रू फिरवत राहतात आणि चांगले यंत्र बिघडवतात, म्हणून हे आवर्जून सांगते.

शिवणाच्या नेहमीच्या वर्गात ब्लाउज आणि फ्रॉक शिकवतात. ते शिक्षण मोलाचे आहे, आयटीआयमधला सुइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही मोलाचा आहे, पण तुमच्या चार महिन्यांत तो बसणार नाही. त्याऐवजी म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या बाजारात बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करणारा कारागीर शोधा, रीतसर पैसे देऊन आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. जाड दुमडीवरून सुई कशी न्यावी आणि पट्टा निघू नये म्हणून चौकटीत फुली मारून टीप कशी घालावी, हे तो जितके चांगले दाखवील तितके कोणताही व्हिडिओ दाखवणार नाही.

जलरोधक कापडाचा स्वभाव वेगळा आहे. मुलामा दिलेल्या नायलॉनमध्ये सुईने पडलेले भोक बुजत नाही, त्यामुळे चुकलेली टीप उसवली तरी तिथून पाणी झिरपते. टाचण्या लावू नका, चिमटे वापरा. १४ नंबरची नवी सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि सुमारे ३ ते ३.५ मिलीमीटरचा टाका घ्या. टाका फार बारीक केला तर पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होऊन कापड तिथेच फाटते. चार-पाच थर एकत्र येतील तिथे १६ नंबरची सुई लागेल. शिवण आतून बंद करण्यासाठी इस्त्रीने चिकटणारी टेप मिळते, पण ती आधी तुकड्यावर लावून पाहा.

आता लेझर. कॉलेजात बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझर असेल. त्यावर सुती कापडाची कड करपून तपकिरी होते, पॉलिएस्टर आणि नायलॉनची कड वितळून बंद होते, म्हणजे धागे सुटत नाहीत. रेक्झिन किंवा पीव्हीसीचा मुलामा असलेली ताडपत्री मात्र कधीही लेझरखाली ठेवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना अपाय करतो आणि यंत्रही गंजवतो. कापडाबद्दल शंका असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत, तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तिला त्या कापडाचा कण चिकटवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता आहे आणि तो तुकडा बाद समजावा. पदेर वापरतात ती निळी ताडपत्री सहसा पॉलिथिलीनची असते. ती वितळून पेट घेऊ शकते, म्हणून तीही नको.

माझ्या मते या प्रकल्पात लेझरचा सर्वांत चांगला उपयोग कापड कापण्याचा नाही. जाड पुठ्ठ्यातून खाके कापून घ्या, त्यांत जुळणीच्या खुणा आणि छिद्रे ठेवा, आणि कापड त्यांवर खडूने आखून कात्रीने कापा. एकदा खाका बरोबर आला की दुसरा, तिसरा नमुना करायला यंत्राची वेळ मागावी लागत नाही. सांगाड्याच्या पट्ट्यांसाठी मात्र लेझरने किती साहित्य जळते ते मोजा: १०० मिलीमीटरच्या पट्टीचे दहा तुकडे कापा, ते एकमेकांना भिडवून व्हर्नियरने एकूण लांबी मोजा आणि कमी भरलेली लांबी कापांच्या संख्येने भागा. बहुधा ०.१ ते ०.३ मिलीमीटर येईल, आणि खाचेत पट्टी घट्ट बसणे किंवा खुळखुळणे एवढ्यावरच ठरते.

प्रिंटरच्या बाबतीत गोव्याच्या हवामानाशी थेट संबंध येतो. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. माझ्या एका बॅगेच्या कड्या मे महिन्यात दुपारभर बंद मोटारीत राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत वाकड्या झाल्या. तेव्हापासून उन्हात राहणाऱ्या वस्तूंसाठी मी पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक वापरते. जूननंतर फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार) हवेतला ओलावा शोषते, छपाईत फटफट आवाज येतो आणि बारीक तंतू लोंबतात. रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. प्रकल्प पावसाळ्यात येत असेल तर हे पहिल्या दिवसापासून करा.

सर्वांत जास्त विचार कापड आणि कडक भाग जिथे जुळतात त्या जागेचा करा, कारण आच्छादन पहिल्यांदा फाटेल ते तिथेच. कडीला टीपीयूची (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची) सुमारे १ मिलीमीटर जाडीची पाळ दिली तर १६ नंबरच्या सुईने ती सावकाश शिवता येते. पीईटीजीच्या पाळीत रेखाटनातच छिद्रे ठेवून हाताने शिवावे लागेल. आणखी एक रीत मला फार आवडते: छपाई दोन-तीन थरांनंतर थांबवायची, प्रिंटरच्या पलंगावर (वस्तू जिच्यावर छापली जाते त्या सपाट फळीवर) नायलॉनची जाळी ताणून चिकटवायची आणि पुढचे थर तिच्यावर छापायचे. जाळी प्लास्टिकमध्ये अडकते आणि तिच्या मोकळ्या कडा कापडाला शिवता येतात. जाळी उचलली जाऊन नोझलला (प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीला) अडकू नये, याची काळजी घ्या.

ही जाळी तुम्हाला तशीही लागणार आहे. भट्टीतून निघालेला उंडो आणि पोय हे गोव्याचे पाव गरम असताना वाफ सोडतात, आणि चारही बाजूंनी बंद आच्छादनात तीच वाफ पाणी होऊन पावावर पडते. म्हणून वरच्या पाळीच्या आड, पाऊस आत येणार नाही अशा जागी, जाळीच्या खिडक्या ठेवा, आणि मुलाम्याचे कापड पावाला लागू नये म्हणून आत धुता येणारे सुती अस्तर सुटे लावा.

यंत्रांसाठी कॉलेजबाहेर पाहायचे झाल्यास बार्देशात मयडे येथे मेकर्स असायलम ही सर्वांना वापरता येणारी कार्यशाळा आहे. मुंबईत सुरू झालेली ही संस्था नंतर गोव्यात आली. कोणती यंत्रे, किती शुल्क, हे जाण्यापूर्वी विचारून घ्या. सुट्टीत पुण्याकडे जाणार असाल तर पाबळचा विज्ञान आश्रम पाहून या. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे उभी राहिली. गावाच्या गरजेतून वस्तू कशी घडते, हे तिथे समजते.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मांजरपाटाचा आणि पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना तयार असू द्या. तो घेऊन तुमच्या वाड्यावरच्या पदेराकडे पहाटे जा, एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने त्याला ते उघडता येते का ते पाहा, आणि त्यानंतरच महागाचे कापड विकत घ्या. अंतिम नमुन्यात ताजे गरम पाव भरून वरून दहा मिनिटे नळीने पाणी सोडा, मग अस्तर काढून प्रत्येक शिवणीवरून कोरडा कागद फिरवा. कागद जिथे ओला होईल, त्या जागेची आतून आणि बाहेरून काढलेली छायाचित्रे इथे टाका. टाका, सुई आणि कापड कोणते होते तेही लिहा, म्हणजे नेमके काय बदलायचे ते सांगता येईल.