कोळशापासून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन करताना तापमान आणि वेळ वाढवला तर सच्छिद्रता वाढतच जाते का?

नाही. एका टप्प्यापर्यंत वाढते, मग घसरते. विद्यार्थी असताना ती वाढतच जाते असा माझाही समज होता. कोळशाचा चार (char, म्हणजे हवेविना तापवल्यावर उरणारा कार्बनचा घन भाग) मी ९५० अंशांवर वाफेत तासन्‌तास ठेवला. बाहेर काढलेले दाणे चिमटीत धरताच त्यांचा भुगा झाला.

वाफ कार्बनला खाऊन छिद्रं पाडते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन निघतो. ही क्रिया उष्णता शोषणारी असल्याने साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सिअस लागतात. फार तापवलं तर दाण्याच्या पृष्ठभागावरच ती इतकी वेगात होते की वाफ आत पोहोचण्याआधीच संपते. मग दाणा बाहेरून झिजतो, आतला भाग कोराच राहतो.

म्हणून तापमानापेक्षा बर्न-ऑफकडे, म्हणजे चारचा किती टक्के भाग जळून गेला याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला डांबराने बुजलेल्या वाटा मोकळ्या होतात, २ नॅनोमीटरखालची सूक्ष्मछिद्रं वाढतात. साधारण ५० टक्क्यांपुढे शेजारशेजारच्या छिद्रांमधल्या भिंतीच जळू लागतात, छिद्रं एकमेकांत मिसळून रुंद होतात. समजा १०० ग्रॅम चार घेतला. ४० टक्के बर्न-ऑफला ६० ग्रॅम उरला आणि ग्रॅममागे ९०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला, तर एकूण ५४,००० चौरस मीटर होतात. ७० टक्क्यांना ग्रॅममागे १,२०० मिळाले तरी उरलेल्या ३० ग्रॅमचे ३६,०००च होतात. हा हिशेब कुणी मांडत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो वाफेपेक्षा सावकाश काम करतो, त्यामुळे बर्न-ऑफवर ताबा ठेवणं सोपं जातं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड ७०० ते ९०० अंशांना वापरलं तर ग्रॅममागे २,००० चौरस मीटरच्याही वर जाता येतं. पण नंतर आम्लाने आणि पाण्याने कसून धुवावं लागतं, नाहीतर क्षार छिद्रांतच अडकून बसतात.

कोळशातली राखही विसरू नका. त्यातलं लोह आणि कॅल्शियम उत्प्रेरकासारखं वागतं, आपल्या आजूबाजूचा कार्बन भराभर जाळतं आणि मध्यम आकाराची छिद्रं वाढवतं. कोळसा फुगून चिकटणारा असेल तर आधी हवेत २०० अंशांच्या आसपास ऑक्सिडाइज करून घ्या.

आणि कार्बन कशासाठी हवाय ते आधी ठरवा. वायू धरायचा असेल तर सूक्ष्मछिद्रं हवीत. रंगद्रव्याचे मोठे रेणू त्यांत शिरतच नाहीत, तिथे थोडा जास्त बर्न-ऑफ उपयोगी पडतो. म्हणून आयोडीन नंबरसोबत (एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन धरतो, यावरून सूक्ष्मछिद्रांचा अंदाज येतो) मेथिलीन ब्लू या मोठ्या रेणूच्या रंगाची चाचणीही करा.