खर्चाचा हिशोब चॅटवर टाईप करून ठेवायचं ॲप वापरावं का? खरंच उपयोग होतोय का?

होतोय. मी स्वतः वापरते, आता आमच्या घरात सगळेच वापरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही लिहिलंय की पगार २२ हजार, वीस तारखेनंतर हातात काही राहत नाही, बँकेचे मेसेज वाचून आपोआप हिशोब करणारं ॲप घेऊन बघितलं पण त्यात निम्मा खर्च दिसतच नाही, मग हे चॅटमध्ये लिहायचं तरी चालेल काय. मी बेळगावात वडगावला राहते, उद्यमबागेत एका ठिकाणी बिलिंगचं काम करते, आणि आकडे रोज हाताखालून जात असले तरी घरचा पैसा कुठं जातोय हे कळायला मला चॅटचाच उपयोग झाला.

आधी ते मेसेज वाचणारं ॲप तुम्हाला का बसलं नाही ते सांगते, कारण त्यात तुमची काही चूक नाही. ते ॲप फक्त बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज वाचतंय. एटीएममधून दोन हजार काढले की त्याच्या लेखी दोन हजार खर्च झाला, पुढं त्याची भाजी झाली, रिक्षा झाली की पोराच्या वह्या झाल्या ते त्याला कुठून कळणार. किराणा दुकानात वही असती, आपण महिनाभर सामान नेतोय आणि पगार झाल्यावर एकदम देतोय, तेही त्याला एकच रक्कम दिसती. वर आता युपीआय लाईट आलंय, त्यात एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात आणि ५००० पर्यंत रक्कम भरून ठेवता येते, पण बँकेच्या स्टेटमेंटला फक्त ती भरलेली रक्कम येती, मधला चहा, पाणीपुरी, पार्किंग काही येत नाही. आणि साधं युपीआय केलं तरी हिस्ट्रीमध्ये कुणाचं तरी नाव आणि ३४० रुपये एवढंच. भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या नावावर असतोय, पंधरा दिवसांनी ते नाव बघून आपल्याला काय आठवणार.

चॅटमध्ये हे सगळं तुम्ही तुमच्या शब्दात टाकता. "भाजी १२०", "रिक्षा ६०, पाऊस होता", "पोरीचा ड्रॉइंग पेपर ४०". एवढंच. ॲप उघडा, प्लसचं बटण दाबा, कॅटेगरी निवडा, तारीख निवडा, सेव्ह करा, हे बाजारात हातात पिशवी घेऊन कुणी करत नाही, पण मेसेज टाकायची सवय आपल्या सगळ्यांच्या बोटांना आधीच हाय. वेगळी शिस्त लावून घ्यावी लागत नाही, माझ्या मते याचं निम्मं यश इथंच आहे.

सुरुवातीला कुठलंच नवीन ॲप घेऊ नका. व्हॉट्सॲपवर २०२२ च्या नोव्हेंबरपासून स्वतःच स्वतःला मेसेज करायची सोय आलीय, तिथंच महिनाभर लिहा. तारीख आणि वेळ आपोआप पडते. काही चुकलं तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज एडिट होतो, त्यानंतर होत नाही, तेव्हा त्याच मेसेजला रिप्लाय करून "हे ८० नाही ६० होते" असं लिहून ठेवायचं. महिना संपला की एक्सपोर्ट चॅट केलं की सगळं एका टेक्स्ट फाईलमध्ये निघतंय, ते कॉम्प्युटरवर शीटमध्ये टाकून बेरीज करता येते, नाहीतर रविवारी चहा घेत कागदावर केली तरी होतंय. महिनाभर हे जमलं तरच पुढं बॉट किंवा पैसे भरून मिळणाऱ्या ॲपकडं जा, कारण बॉट बेरीज करून देईल, पण लिहायचं काम शेवटी आपणच करायचं असतंय.

बॉट म्हणजे काय तर तुम्ही "दूध ५६" असं लिहिलं की तो त्यातला आकडा उचलतो, शब्द उचलतो, कुठल्या कप्प्यात घालायचं ते ठरवतो आणि तारखेसकट एका तक्त्यात एक ओळ टाकतो. काही बॉट ठरलेल्या नियमावर चालतात, म्हणजे आकडा आधी आणि शब्द नंतर असंच लिहावं लागतंय, काहींच्या मागं एआय असतो आणि ते मोडकंतोडकं वाक्यही समजून घेतात. सोय म्हणजे "या आठवड्यात बाहेर खाण्यावर किती गेले" असं विचारलं की लगेच उत्तर देतो. पण एआयवाला बॉट कधीकधी चुकीचं समजतो आणि तेही पक्कं सांगितल्यासारखं सांगतो. "अडीचशे दिले, पन्नास परत आले" असं लिहिलं तर तो ३०० पण लावू शकतो. म्हणून जो बॉट प्रत्येक नोंदीनंतर "भाजी, २०० रुपये, लिहिलं" असं उलट सांगतो तोच घ्या, आणि ते उत्तर एकदा नजरेखालून घाला.

आणखी एक, हे आमच्या भागात जास्त जाणवतंय. आपल्या घरात मराठी, शेजारी कन्नड, फोनवर इंग्रजी अक्षरात मराठी, असं सगळं मिसळून चालतं. माझे मिस्टर दूध इंग्रजी अक्षरात तीन तऱ्हेनं लिहायचे, शेजारच्या अक्कांकडून घेतलं की "हालू" (कन्नडमध्ये दूध) लिहायचे, आणि बॉटनं त्याचे वेगवेगळे कप्पे करून ठेवले, त्यामुळं दुधाचा खरा आकडा महिनाअखेरीला कुठंच दिसेना. मग आम्ही दहाबारा शब्द पक्के केले आणि फ्रिजवर चिकटवले: दूध, भाजी, किराणा, गॅस, शाळा, औषध, पेट्रोल, बस, बाहेर, देणं, देव, यात्रा. तेवढेच वापरायचे, पुढं काय तपशील लिहायचाय तो लिहा. आकड्यांचंही तसंच, मराठी कीबोर्डवर मराठी आकडे पडतात आणि शीटमध्ये त्यांची बेरीज बऱ्याचदा होत नाही, त्यामुळं हिशोबापुरते इंग्रजी आकडेच ठेवलेले बरे.

आता प्रायव्हसीचं, हे मात्र नीट वाचा. व्हॉट्सॲपवर आपण स्वतःला पाठवलेलं एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतंय, म्हणजे मधल्या कंपनीलाही ते वाचता येत नाही. टेलिग्रामवर साधं चॅट तसं नसतंय, तिथं फक्त सीक्रेट चॅट तसं असतंय, आणि बॉटशी सीक्रेट चॅट करताच येत नाही. म्हणजे टेलिग्रामच्या बॉटला जे लिहिता ते तो बॉट ज्यानं बनवलाय त्याच्याकडं पोचतंय, त्याच्या कॉम्प्युटरवर साठतंय. व्हॉट्सॲपमधल्या एआयला लिहिलेलंही कंपनीकडं जातं, मैत्रिणीला केलेल्या मेसेजसारखं ते राहत नाही. "भाजी १२०" कुणी वाचलं म्हणून आपलं काही बिघडत नाही, पण खात्याचा नंबर, कार्डाचा फोटो, पिन, ओटीपी, घरातल्या कुणाच्या आजाराचं नाव, सोनं किती हाय, हे त्यात कधीही टाकायचं नाही. औषधाला नुसतं "औषध ४५०" लिहा. आणि जो हिशोबाचा बॉट किंवा ॲप दोन दिवसात तुम्हाला लोन देऊ का म्हणून विचारायला लागला, कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागायला लागला, तो त्याच दिवशी काढून टाका. हिशोबाला तुमच्या कॉन्टॅक्टची काही गरज नाही.

काय लिहायचं नी काय नाही यावर घरात एकमत करून घ्यावं लागतंय. उधारी आम्ही सामान घरात आलं त्या दिवशी लिहितो आणि पुढं "वही" असं टाकतो. पगारानंतर दुकानदाराला दिले की ते "देणं" म्हणून लिहायचे, ते खर्चात परत धरायचे नाहीत, नाहीतर एकच तांदूळ दोनदा मोजला जातोय. पिग्मीवाला, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे गोळा करणारा, रोज येऊन नेतो ते पैसे आपलेच आहेत, ते खर्चात नाहीत, वेगळे लिहायचे. भिशीचंही तसंच. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० सासूबाईंच्या खात्यावर येतात, ते मी घरच्या उत्पन्नात धरत नाही, ते त्यांचे आहेत आणि त्यांनी ते नातीला दिले काय आणि सौंदत्तीला यल्लम्माला खर्च केले काय, त्याचा हिशोब मागायचा नाही. विजेचं मात्र लिहा, बिल शून्य आलं तरी युनिट लिहा, कारण गृहज्योतीत, म्हणजे इथल्या सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल येतंय आणि उन्हाळ्यात कूलर लागला की हे होऊ शकतं, आधीच्या महिन्यांचे युनिट समोर असले तर अंदाज येतो.

आणि यात्रा. हे बाहेरच्या माणसानं बनवलेल्या कुठल्याच ॲपमध्ये नसतंय, त्यांच्याकडं "एंटरटेनमेंट" असतंय, आणि आमच्या गावची लक्ष्मी यात्रा एंटरटेनमेंटमध्ये घालायची माझी तयारी नाही. ज्यांची गावं बेळगाव, खानापूर तालुक्यात आहेत त्यांना माहिती, यात्रा कितीतरी वर्षांनी एकदा येती, घराला रंग लावायचा, लेकी-जावयांना बोलवायचं, पाहुण्यांची पंगत, साड्या, वर्गणी. हा खर्च चालू महिन्यात टाकला तर तो महिना बघून घाबरायला होतंय आणि माणूस हिशोबच सोडून देतो. म्हणून त्याला वेगळं चॅट. आम्ही चौघांचा एक ग्रुप केला, नाव "यात्रा", ज्यानं जे आणलं त्यानं तिथं लिहायचं, बिलाचा फोटो टाकायचा. दीर पुण्याला असतात, त्यांनाही घरबसल्या दिसत होतं की रंगाला किती गेले, मंडपाला किती गेले, आणि नंतर भावाभावांत वाटणी करताना कुणाचा आवाज चढला नाही. मला वाटतं चॅटचा सगळ्यात मोठा गुण हाच, घरातल्या पैशाचं बोलणं तोंडी झालं की त्यात राग येतोय, लिहिलेलं असलं की सगळे एकाच आकड्याकडं बघतात. गणपतीला, लग्नाच्या आहेराला पण हेच करा.

आता तुमच्या वीस तारखेच्या प्रश्नावर येते. महिनाभराचं चॅट झालं की कशावर किती हे बघायच्या आधी केव्हा गेले ते बघा. वेळ फक्त चॅटमध्येच फुकटात मिळती, वहीत कुणी वेळ लिहीत नाही. माझ्या चॅटमध्ये दिसलं की माझा सुटा खर्च बराचसा संध्याकाळी सहा ते आठमध्ये आहे, म्हणजे काम सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत. शहापूरच्या बाजूनं येताना थोडी भाजी, पोरांसाठी काहीतरी, फुलं, एखादी वस्तू जी घरात आधीच हाय. त्यातलं काहीच वायफळ नव्हतं, म्हणून मी कुठलीच कॅटेगरी बंद केली नाही, फक्त भाजी आठवड्यातून दोनदा यादी घेऊन आणायला लागले, बाकीचे दिवस दुसऱ्या रस्त्यानं येते. फरक पडला. तुमचं कदाचित पगार झालेल्या पहिल्या चार दिवसात जात असेल, बऱ्याच जणांचं तसंच असतंय, वहीची उधारी, हप्ता, नी जरा हात मोकळा सोडून केलेली खरेदी, आणि मग वीस तारखेला वाटतं की आत्ताच संपले. तसं दिसलं तर पगाराच्या दिवशीच भाडं, हप्ता, शाळा, पिग्मी बाजूला काढून जे उरतंय त्याला चारनं (महिन्यात पाच सोमवार आले तर पाचनं) भागा आणि दर सोमवारी चॅटमध्ये पहिला मेसेज तो आकडा टाका. मग त्या आठवड्यात जे लिहाल ते त्या आकड्याच्या खाली येत जातंय, वेगळं बजेट काढायची गरज लागत नाही.

एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी आठवून आठवून लिहायला बसू नका, पाकिटात किती होते आणि किती आहेत तो फरक "सुटे" म्हणून टाका आणि पुढं चला. ज्यांना टाईप करायचा कंटाळा येतो त्यांनी मराठी व्हॉइस टायपिंग वापरा, आमच्या सासूबाई तशाच बोलून टाकतात, फक्त पाठवायच्या आधी आकडा बघायचा, कारण गर्दीत बोललं की साठ आणि सात यात फोनची गल्लत होती. पैसे भरून बॉट घेणार असाल तर घ्यायच्या आधी एकच विचारा, आमचा सगळा हिशोब आम्हाला फाईलमध्ये काढून मिळतोय काय आणि खातं बंद केलं की तुमच्याकडचा डिलीट होतोय काय. दोन्हीला सरळ हो म्हणणारा असेल तरच पैसे द्या.