आठ गादीवाफ्यांसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका ताईंच्या घरात तिघं आहेत. त्या स्वतः, एसटीतून निवृत्त झालेले यजमान आणि सासूबाई. घरामागच्या जागेत भाजीसाठी चिऱ्यांचे (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे) आठ वाफे बांधायचं मनात आहे, प्रत्येक वाफा १० फूट लांब, ४ फूट रुंद, सव्वा फूट उंच. कंत्राटदाराने ९६,००० रुपये सांगितलेत: चिरे आणि सिमेंटचं बांधकाम ३८,०००, माती-खताचा भराव २२,०००, ठिबक ११,०००, लोखंडी मांडव व शेडनेट २५,०००. पैसे २ लाखांच्या एफडीतून काढायचे. ही एफडी ३ वर्षांची, ७ टक्क्यांची, आणि तिला दीड वर्ष झालंय. महिन्याला भाजीचे २,४०० रुपये वाचतील, उरलेली भाजी बाजारात जाईल, आणि काम पावसाआधी उरकायचं, असा बेत आहे.

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका. वाफे जरूर करा, पण दोन करा, आणि भरायचे ते ऑक्टोबरात.

आधी २,४०० रुपयांचा आकडा पाहू. एका महिन्याच्या भाजीची यादी काढा. कांदा, बटाटा, लसूण, कोबी, फ्लॉवर, मटार, गाजर हे सगळं घाटावरून येतं आणि येतच राहणार. तुमच्या वाफ्यांतून येईल लाल माठ, मुळा, पालक, चवळी, भेंडी, वांगी, मिरची, वाल आणि पावसात मांडवावरची काकडी, पडवळ, दोडका, कारली. या भाज्यांचा वाटा साधारण निम्मा, म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. ६० रुपये किलोचा सरासरी भाव धरला तर २० किलो.

आता वर्षाचे महिने. नोव्हेंबर ते एप्रिल हा आपला खरा भाजीचा हंगाम, त्याचे सहा महिने पूर्ण धरू: ७,२०० रुपये. जून ते सप्टेंबर पालेभाजी सडते आणि वेलभाजीवरच भागवावं लागतं, म्हणून चार महिने निम्मे: २,४००. मे आणि ऑक्टोबर हिशोबात धरू नका. वर्षाचे झाले ९,६०० रुपये. वाफे आठ असोत की अठरा, घरखर्चातली बचत याच्या वर जाणार नाही, कारण तीन माणसं वर्षाला या भाज्या खाऊन खाऊन १६० किलो खाणार.

नीट सांभाळलेल्या एका वाफ्याला, ४० चौरस फुटांना, वर्षाचे ४० किलो धरा. म्हणजे घरापुरते चार वाफे पुरे. प्रत्यक्षात सगळा माल जानेवारी-फेब्रुवारीत एकदम येतो, त्यामुळे तीनच पुरतील. पाचव्या वाफ्यापासून पुढचा प्रत्येक किलो ६० रुपये वाचवत नाही, तो विकावा लागतो, आणि तोही गावातल्या प्रत्येकीच्या टोपलीत माठ-मुळा असतो त्याच दिवसांत. घाऊक भाव २५ रुपये मिळाला तर नशीब समजा. वरच्या चार वाफ्यांच्या १६० किलोचे ४,००० रुपये झाले, त्यातून रिक्षाभाडं आणि तुमची सकाळ वजा करायची.

आठ वाफ्यांची बेरीज अशी होते. बचत ९,६०० आणि विक्री ४,०००. खत, बी, जाळीची दुरुस्ती, पंपाची वीज यांना वर्षाला ४,००० लागतील. उरले ९,६००. या ९६,००० वर एफडीत ७ टक्क्यांनी ६,७२० रुपये व्याज येतं, ते बुडणार. निव्वळ फायदा राहिला २,८८०. या गतीने मुद्दल सुटायला ३३ वर्षं लागतील. तोवर शेडनेट आठ-दहा वेळा बदलून झालेली असेल.

एफडी मोडण्याचा खर्च वेगळा. मुदतीआधी मोडली की बँक करारातला दर देत नाही. जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर देते आणि त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापते. दीड वर्षाचा दर साडेसहा असेल आणि एक टक्का कापला तर हातात साडेपाच टक्के पडतात. २ लाखांवर दीड वर्षात सुमारे ४,५०० रुपये गेले. काही बँका ठेवीचा भागच मोडू देतात, बहुतेक बँका ठेवीवर एक-दोन टक्के जास्त व्याजाने कर्जही देतात. मोडण्यापेक्षा ते बरं. पण भाजीच्या वाफ्यासाठी कर्जही नको. तुमच्या पत्रात दुसऱ्या शिल्लकीचा उल्लेख नाही. म्हणजे सासूबाईंचं दवाखान्याचं काही निघालं किंवा वादळात छपराची कौलं उडाली तर हीच एफडी कामी येणार. तिला हात लावू नका.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात काही गोष्टी उगाच आहेत आणि एक मोठी गोष्ट नाहीच. उगाच आहे ते सिमेंट. चिऱ्याचे सांधे सिमेंटने भरले, आतून गिलावा केला की पाणी कोंडतं. कोकणात चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बंद वाफ्यात मुळं कुजतात आणि भिंतीला बाहेर ढकलणारा दाबही वाढतो. चिरे कोरडेच लावायचे. खाली कोबा (सिमेंटची जमीन) करतो म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. नाही ती गोष्ट म्हणजे माकडं. शेडनेट उन्हासाठी असते, वानराची टोळी ती एका सकाळी फाडते. तुमच्या वाडीत त्यांचा फेरा असेल तर काकडी, भेंडी, चवळी यांचा हिशोबच धरू नका; मिरची, आलं, हळद, अळू यांना त्रास सहसा कमी असतो. आठ वाफ्यांना चारही बाजूंनी आणि वरून जाळी करायची तर हे अंदाजपत्रक लाखाच्या पुढे जाईल.

पाण्याचंही पाहा. एका वाफ्याला मार्च-एप्रिलमध्ये रोज २० ते २५ लिटर लागतं. दोन वाफ्यांचे ५० लिटर घरच्या विहिरीतून निघतील. आठांचे २०० लिटर, तेही विहीर तळाला गेलेली असताना रोज काढायचे. टँकर मागवला तर ती भाजी सोन्याच्या भावाची झाली.

आता पहार घ्या आणि जागेवर चार-पाच ठिकाणी ठोकून पाहा. फूट-दीड फूट सहज आत गेली तर खाली माती आहे आणि चिऱ्यांची गरजच नाही. ९ इंच खणून भुसभुशीत करा, वाटांमधली माती ओढून ९ इंच उंच गादीवाफा करा, कडा तिरप्या ठेवून थापा. खाली कातळ लागला तरच भिंतीचा विचार करायचा. तिथे माती सव्वा फूट लागते, म्हणून दोन थर, आणि खालच्या थरात दर तीन-चार फुटांवर पाण्याला फट. मधला मार्ग म्हणजे थोडी माती असलेल्या जागेत चिऱ्याचा एकच थर, चिरा उभ्या कडेवर. १४ इंच लांब, ९ इंच उंच असा लावला तर १० बाय ४ च्या वाफ्याला २६ चिरे पुरतात. लाकडी फळ्या किंवा तळाला ओंडके घालायच्या फंदात पडू नका, वर्षभरात वाळवी लागते.

या मधल्या मार्गाने दोन वाफ्यांचा खर्च असा येईल (भाव तुमच्याकडचे विचारून बदला). फुटतुटीसकट ५६ चिरे, ४५ रुपयांनी २,५२०. चिऱ्यांचं वजन दीड टनाच्या आसपास जातं, म्हणून छोट्या हत्तीच्या (छोट्या टेम्पोच्या) दोन खेपा, २,४००. भराव ६० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासही नाही (ब्रास म्हणजे १०० घनफूट): ३० घनफूट माती १,५००, २० घनफूट कुजलेलं शेणखत म्हणजे साधारण दहा गोणी, १,५००, उरलेला १० घनफूट पालापाचोळ्याचा कुजलेला चुरा घरचाच. मजुरी दोन माणसं दोन दिवस, २,८००. तीन-तीन ओळींची ठिबक नळी, गाळणीसह १,५००. बांबूचा मांडव आणि ५० टक्के सावलीची शेडनेट १,८००. एकूण १४,०२०. भराव पहिल्या वर्षात चांगला चार-पाच बोटं खाली बसतो, त्यासाठी दोन गोणी खत बाजूला ठेवा.

दोन वाफ्यांचे ८० किलो, सगळे घरात खपणारे, म्हणजे ४,८०० रुपये. वर्षाचा खर्च १,००० वजा करून ३,८०० उरतात. चार वर्षांच्या आत पैसे वसूल. चिरे नसतील तर भांडवल ८,४०० पर्यंत खाली येतं आणि सव्वादोन वर्षांत सुटतं. एवढे पैसे घरखर्चातून थोडे थोडे बाजूला काढता येतील.

पावसाआधीची घाई कशाला? मे महिन्यात भरलेला मोकळा वाफा जून-जुलैच्या झडीत धुपतो, खताचा कस वाहून जातो. चिरे हवेच असतील तर ते मात्र मे महिन्यात घेऊन रचून ठेवा, पावसात चिरेखाणी बंद असतात. भराव ऑक्टोबरात करा. जांभ्याची माती आंबट असते, म्हणून वाफ्याला साधारण एक किलो शेतीचा चुना लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा, शेणखत त्यानंतर. दोन्ही एकत्र घातलं तर खतातलं नत्र उडून जातं. नारळापासून दहा फूट तरी दूर राहा, नाहीतर वाफ्यातलं खत माडच खाईल, वर झावळी पडेल ती वेगळी. ऊन सहा तास हवं. वांगी, मिरची, टोमॅटो एकाच वाफ्यात पाठोपाठ लावू नका, मर रोग मातीत राहतो. चवळीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण सदाबहार’ वाण मागा.

वजनकाटा घरात असेलच. नोव्हेंबरपासून काढलेली प्रत्येक भाजी तोलून वहीत लिहा, शेजारी त्या दिवसाचा बाजारभाव. एप्रिलअखेर दोन वाफ्यांची बेरीज ५० किलोच्या वर गेली आणि घरात ती खरंच खपली असेल तर तिसरा वाफा करा, भाजीतून वाचलेल्या पैशांतून. ३० च्या आत राहिली तर कारण शोधा: माकडं, सावली की पाणी. मुंबईचा कोणी नातेवाईक हातभार लावतो म्हणाला तर जाळीच घ्या, चिरे नकोत.